पांढरी सहा आणि ४४० : एका आकड्याचा इतिहास

१/
तानपुऱ्याचे किंवा सूर जुळवण्याचे कोणतेही ॲप मोबाइलवर उघडा. सेटिंग्जच्या एखाद्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ आढळेल : ‘ए ४ = ४४० हर्ट्झ’. ध्वनिमुद्रणाच्या संगणक-प्रणालींतही ती असते, विजेवर चालणाऱ्या की-बोर्डमध्येही असते. आपल्यापैकी बहुतेकांनी तिला कधी हात लावलेला नसतो. हा आकडा निसर्गातून आलेला असावा, निदान भौतिकशास्त्राच्या एखाद्या नियमातून तरी, अशीच सर्वसाधारण समजूत असते.

तो आला आहे समित्यांच्या बैठकांतून. त्यामागे एक रेशीम-उत्पादक आहे, एक फ्रेंच सरकारी फर्मान आहे, एक शांतता-तह आहे, आणि ४३९ ही मूळ संख्या असल्याची एक तांत्रिक अडचणही आहे. आजचा धागा या आकड्याचा. थोडा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
आधी शब्दांचा खुलासा, कारण पुढे गोंधळ होतो तो इथेच.

आपले सा रे ग म हे स्थानांचे नाव आहे, उंचीचे नव्हे. गवई जिथे सा धरेल तिथे सा. म्हणून सा कुठे धरला हे सांगायला आपल्याकडे दुसरी भाषा लागते, आणि ती आपण पेटीच्या पट्ट्यांवरून घेतली : पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन... ‘बुवांची पट्टी कोणती?’ ‘काळी एक.’ इंग्रजी अक्षरांत पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी सहा म्हणजे ए. मधल्या सप्तकातली पांढरी सहा सेकंदाला ४४० वेळा कंप पावते असे जे ठरले, तेच ते ॲपमधले ‘ए ४’.

म्हणजे गंमत अशी की, ज्या संगीतात सा हवा तिथे नेता येतो, त्या संगीतातले लोक आपल्या सा-चा पत्ता सांगताना एका परदेशी वाद्याच्या पट्ट्यांचा आधार घेतात. पण त्या पट्ट्या तरी कोठे स्थिर होत्या?

३/
इ. स. १७११ च्या सुमारास लंडनचा तुतारीवादक जॉन शोर याने नादकाटा तयार केला. तोच पोलादी दुबोटी काटा, जो आपण शाळेच्या प्रयोगशाळेत रबराच्या ठोकळ्यावर आपटून पाण्यात बुडवला आहे. नादकाट्यामुळे प्रथमच एका शहरातला सूर दुसऱ्या शहरात, आणि एका शतकातला सूर दुसऱ्या शतकात नेता येऊ लागला. इतिहासाच्या दृष्टीने नादकाटा म्हणजे सुराचे नाणे. टाकसाळीगणिक त्याचे वजन निराळे.

हँडेल या संगीतकाराशी संबंधित एक नादकाटा, १७५१ सालचा, उपलब्ध आहे. त्याचा ए भरतो ४२२.५. मात्र १८५८ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात ए ४४८ च्या आसपास पोहोचला होता. शंभर वर्षांत सूर एका पडद्याएवढा वर सरकला.

का सरकला? वर चढवलेले वाद्य अधिक चकचकीत वाजते. नाट्यगृहे मोठी झाली, लष्करी बँडची वाद्ये उंच सुरांत बनू लागली, आणि प्रत्येक कारखानदाराला शेजाऱ्यापेक्षा किंचित उठून दिसायचे होते. याचा भुर्दंड बसला तो गळ्याला. वाद्याच्या तारा बदलता येतात, गायिकेचा कंठ नाही.

४/
फ्रान्सने हा प्रश्न फ्रान्सच्या पद्धतीने सोडवला : सरकारी आयोग. त्यात रोसिनी, बर्लिओझ, मायरबेर असे नामवंत संगीतकार होते आणि लिसाजूसारखे भौतिकशास्त्रज्ञही. १६ फेब्रुवारी १८५९ रोजी हुकूम निघाला की ए म्हणजे ४३५, आणि तोही १५ अंश सेल्सिअस तापमानाला.

तापमानाचा हा तपशील क्षुल्लक वाटेल, पण पुढे त्यानेच घोळ घातला. हवा तापली की सुषिर वाद्यांचा सूर चढतो. १८९६ मध्ये लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीने विचार केला की आपली सभागृहे १५ नव्हे, २० अंशांच्या आसपास असतात. तेव्हा १५ अंशांचे ४३५ म्हणजे २० अंशांचे साधारण ४३९. आणि त्यांनी ४३९ स्वीकारले. तोवर तिथे ४५२ च्या आसपासचा ‘उंच सूर’ चालत असे, आणि ब्रिटिश लष्करी बँडांनी तो पुढेही बराच काळ सोडला नाही.

५/
मधेच एक किस्सा, कारण तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१८८५ मध्ये व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय परिषद भरून ४३५ ला मान्यता मिळाली होती. पुढे पहिले महायुद्ध झाले, जर्मनी हरला, १९१९ मध्ये व्हर्सायचा तह झाला. युद्धापूर्वीचे कोणते आंतरराष्ट्रीय करार पुन्हा लागू करायचे याची यादी त्या तहाच्या २८२ व्या कलमात आहे. समुद्राखालच्या तारा, रेल्वे, वजनमापे... आणि त्याच यादीत, १८८५ चा सूर ठरवणारा करार! युरोपाचा नकाशा नव्याने आखणाऱ्या कागदात पांढऱ्या सहाचीही नोंद आहे. त्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्या सह्या आहेत. महाराजांनी २८२ वे कलम किती बारकाईने वाचले असेल, कोण जाणे.

६/
मग ४३५ चे ४४० कसे झाले?

४४० ची सूचना खरे तर ४३५ पेक्षाही जुनी. क्रेफेल्ड या जर्मन गावात योहान हाइनरिश शाइब्लर नावाचा रेशीम-उत्पादक राहत असे. त्याने पन्नासाहून अधिक नादकाट्यांचा एक संच तयार केला. शेजारशेजारच्या दोन काट्यांत फरक इतका थोडा की, दोन्ही एकदम वाजवले तर आवाज लयीत लहानमोठा होतो. शाळेच्या पुस्तकात त्याला ‘विस्पंद’ म्हटले आहे. तंबोरा जुळवताना तार जवळ आली की जे हेलकावे ऐकू येतात, तेच हे. सेकंदाला किती हेलकावे येतात हे मोजले की दोन काट्यांतला फरक कळतो, आणि सगळे फरक एकत्र केले की प्रत्येक काट्याची वारंवारता. ना वीज, ना ध्वनिग्राहक. कान, घड्याळ आणि चिकाटी. १८३४ मध्ये स्टुटगार्टला भरलेल्या निसर्गशास्त्रज्ञांच्या सभेत त्याने ए = ४४० सुचवले.

शंभर वर्षांनी अमेरिकेतील वाद्य-उत्पादक ४४० वर स्थिरावले होते. १९३६ मध्ये तिथल्या मानक संस्थेने त्यावर शिक्का मारला. युरोप ४३५ आणि ४३९ यांत अडकलेला. शेवटी मे १९३९ मध्ये लंडनला परिषद भरली. फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, हॉलंड, इटली. चार महिन्यांनी एकमेकांवर तोफा डागणार होते ते देश एका सुरावर मात्र एकमताने सही करून गेले. या यादीत हिंदुस्थान नाही.

७/
४३९ का नाही? इथे कारण शुद्ध अंकगणिताचे आहे, आणि माझ्या मते या साऱ्या कहाणीतले सर्वांत देखणे.

तोवर नभोवाणी आली होती. बी.बी.सी.ला प्रमाण सूर प्रक्षेपित करायचा होता. त्यासाठी सेकंदाला १० लाख कंपने करणारा स्फटिक घेतला जाई. १० लाखांना १००० ने भागा, ११ ने गुणा, २५ ने भागा : ४४०. विद्युत-मंडलांना असे गुणाकार-भागाकार जमतात. पण ४३९ ही मूळ संख्या. तिचे तुकडे पडत नाहीत, म्हणून ती अशा यंत्रातून सहजी काढता येत नाही. एक कंपनाचा फरक कोणाच्या कानाला खुपणार होता? ४४० ठरले. पुढे १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ते शिफारस म्हणून घेतले आणि १९७५ मध्ये मानक म्हणून, क्रमांक १६.

८/
‘४४० हे नाझींचे कारस्थान, खरा नैसर्गिक सूर ४३२’ असा मजकूर तुमच्याही कुटुंबाच्या गटावर येऊन गेला असेल. १८३४ ची सूचना आणि अमेरिकन कारखानदारांची पसंती पाहिल्यावर पहिल्या अर्ध्याबद्दल बोलायला नको. दुसरा अर्धा पाहू.

हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला कंपने. सेकंद हे माणसाने दिवसाचे ८६,४०० भाग करून ठरवलेले माप. उद्या दिवसाची विभागणी घटिका-पळांत केली, तर ४३२ चा आकडाच उरणार नाही. सूर तोच राहील.

४३२ ला एक सन्माननीय इतिहास मात्र आहे. १८८४ मध्ये इटलीने आपल्या लष्करी बँडांसाठी तो ठरवला आणि व्हर्दीने त्याची पाठराखण केली. त्यामागचे गणित असे : सा, म्हणजे पांढरी एक, २५६ धरायचा. दोनाच्या पटीत जाणारा, गणितज्ञाला आवडणारा आकडा. मग धैवत किती? पंचमावर पंचम चढत गेलात तर २५६ ची २७/१६ पट, म्हणजे ४३२. पण तंबोऱ्याशी गोड मिळणारा धैवत हवा असेल तर ५/३ पट, म्हणजे ४२६.६७. आणि पेटीप्रमाणे सप्तकाचे बारा अगदी समान भाग केलेत तर ४३०.५४.

सा एक, धैवत तीन. आकडा कोणताही ठरवा, पुढचा प्रश्न शिल्लक राहतोच : दोन सुरांमधले अंतर कोणी ठरवायचे? आणि या प्रश्नावर आपल्याकडचे लोक फार पूर्वीपासून बसलेले होते.

९/
भरताच्या नाट्यशास्त्रात दोन वीणांचा प्रयोग आहे. दोन्ही एकसारख्या जुळवायच्या. एक तशीच ठेवायची, दुसरीचा पंचम किंचित उतरवून त्या मानाने बाकीच्या तारा जुळवायच्या, आणि असे करत करत श्रुतींचा हिशेब कानाने पटवायचा. भरत आकडा देत नाही. पण आधुनिक अभ्यासकांनी त्या ‘किंचित’चा, प्रमाणश्रुतीचा, अर्थ साधारणपणे ८१/८० असा लावला आहे. वरच्या धैवतांकडे पाहा : ४३२ आणि ४२६.६७ यांचे गुणोत्तर नेमके ८१/८० भरते.

अशा अंतरांसाठी सोयीची मोजपट्टी दिली अलेक्झांडर एलिस या इंग्रज विद्वानाने. १८८५ मध्ये त्याने सप्तकाचे १२०० समान भाग केले आणि त्यांना ‘सेंट’ म्हटले. पेटीवरचा एक पडदा म्हणजे १०० सेंट. आज ट्यूनरवर काटा ‘+१४’ दाखवतो तो या एलिसचा. त्याने त्या अभ्यासात भारतीय वाद्यांचेही मापन केले होते. राजा रामपालसिंह यांनी त्याला सतार वाजवून दाखवली होती. त्याचा निष्कर्ष असा की जगात स्वरसप्तक एक नाही, आणि ‘नैसर्गिक’ असे तर मुळीच नाही. मोजमापांचा जनकच हे सांगून गेला होता. त्याचे माप घेतले गेले, निष्कर्ष मागे राहिला.

१०/
आता पेटी. हार्मोनियमचा जन्म १८४० च्या सुमारास पॅरिसचा. जमिनीवर बसून एका हाताने भाता चालवता येईल अशी तिची आवृत्ती कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांच्या कारखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केली. महाराष्ट्रात संगीत नाटकाने तिला उचलून धरले, आणि गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी तिला मान मिळवून दिला. सारंगीसारखी ती दर तासाला उतरत नाही, दौऱ्यावर नेता येते, नवशिक्याच्या बोटाखालीही सुरात वाजते.

पण ती समान बारा भागांची असते. याचा परिणाम आकड्यांत पाहू.

पुरुषगायकाचा सा काळी एक धरू : १३८.५९ हर्ट्झ. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट जवारीदार वाजली की तिच्यातून गंधार आपोआप उमटतो. जुने लोक त्याला ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. भौतिकशास्त्राच्या भाषेत तो सा-च्या वारंवारतेची पाच पट : ६९२.९६. गायक गंधार लावतो तो याच्याशी मिळवून, म्हणजे सा-च्या ५/४ पट, १७३.२४. पेटीचा गंधार मात्र १७४.६१. फरक दीड कंपनाहूनही कमी! यात काय एवढे?

पेटीच्या त्या गंधाराच्या चौथ्या पटीत जो नाद असतो तो ६९८.४६. तो आणि तंबोऱ्याचा ६९२.९६ एकत्र वाजले की फरक साडेपाच. सेकंदाला साडेपाच हेलकावे. शाइब्लर मोजत होता तेच. गवई मंडळी ‘पेटीचा गंधार चढा’ म्हणत, तो नखरा नव्हता. त्यांच्या कानाने जे टिपले ते आज कोणीही कागदावर मांडून पाहावे. सेंटमध्ये हा फरक १३.७ आहे.

११/
ही गोष्ट एका मराठी माणसाला स्वस्थ बसू देईना. कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी गायकांचे सूर प्रत्यक्ष मोजायला घेतले आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक पुण्याहून प्रसिद्ध झाले. त्यांना साथ मिळाली दोघांची : किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ, आणि ई. क्लेमंट्स हे सनदी सेवेतले इंग्रज न्यायाधीश, ज्यांचे स्वतःचे पुस्तक १९१३ मध्ये आले. एक महसूल खात्यातला, एक न्यायखात्यातला, आणि एक असा गवई की ज्याच्या सुरेलपणाविषयी शत्रूलाही शंका नव्हती. या खटपटीतून ‘श्रुति-हार्मोनियम’ आली, बारापेक्षा अधिक स्वरांची.

१९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे श्रुतींचा विषय निघाला, वाद झाला, आणि देवल-क्लेमंट्स यांचे मापन सर्वमान्य ठरले नाही. परिषदेमागची मोठी शक्ती होते पंडित विष्णु नारायण भातखंडे. त्यांनी आपली थाटपद्धती बारा स्वरांवर उभारली. प्राचीन बावीस श्रुतींचे गणित आजच्या रागांवर लादण्याविषयी ते साशंक होते.

इथे दोन्ही बाजूंनी भावनेने बोलले जाते, म्हणून माझे मत सांगून टाकतो. देवलांचा कान बरोबर होता, अपेक्षा चुकली. प्रत्येक श्रुतीला एक कायमचा अपूर्णांक मिळेल असे त्यांना वाटले. पण गाताना गंधार एका जागी बसून राहत नाही. दरबारी कानड्यातला कोमल गंधार आंदोलन घेतो, त्याला एक आकडा कसा द्यायचा? भातखंड्यांना हे कळत होते. शिकवण्याच्या सोयीसाठी त्यांनी बारा खुंट्या ठोकल्या आणि मधले गुरूच्या गळ्यावर सोडले. पुढच्या पिढीने खुंट्या घेतल्या. श्रुतींची पेटी बनवण्याचा ध्यास मात्र संपला नाही. आपल्या काळात ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली आहे.

१२/
मे १९३९ ला लंडनमध्ये ४४० ठरले. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियम बंद झाली. दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही, पण शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. एकीकडे सूर पक्का करण्याची घाई, दुसरीकडे पक्क्या सुरांच्या वाद्याला मज्जाव. आणखी एक विसंगती : पेटीविरुद्धच्या मोहिमेत पुढे होते ते जॉन फोल्ड्स, रेडिओच्या दिल्ली केंद्रावरचे इंग्रज संगीतकार, आणि त्यांच्या बाजूला उभे होते रवींद्रनाथ. ही बंदी तीन दशके चालली आणि १९७१ मध्ये अंशतः सैल झाली. दरम्यान मैफलीत पेटी सुखेनैव वाजत राहिली. सरकारी बंदीचे आणि मैफलीचे नाते असेच असते.

१३/
आता संगणक. जानेवारी १९८३, अमेरिकेतले वाद्यांचे एक व्यापारी प्रदर्शन. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे की-बोर्ड एका तारेने जोडले गेले आणि एकावर दाबलेली पट्टी दुसऱ्यावर वाजली. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतलेली ही ‘मिडी’ भाषा आज तुमच्या फोनमध्येही आहे.

मिडीत सुराला नाव नाही, क्रमांक आहे : ० ते १२७. पांढरी सहा म्हणजे ६९, आणि ६९ म्हणजे ४४०. क्रमांक एकने वाढला की वारंवारतेला सुमारे १.०५९४६ ने गुणायचे. बारा वेळा गुणले की दुप्पट. झाले. लंडनची परिषद आणि पेटीचे समान बारा भाग, दोन्ही या एका ओळीत शिरले. ज्या निर्णयासाठी आयोग बसले, तह झाले, तो इथे कोणी न वाचता मान्य करण्याची गोष्ट बनला.

सप्तकाच्या क्रमांकाबद्दल मात्र मिडीने मौन पाळले. मधली पांढरी एक, क्रमांक ६०, हिला काही कंपन्या ‘सी ४’ म्हणतात, यामाहा ‘सी ३’ म्हणते, आणि एका लोकप्रिय प्रणालीत ती ‘सी ५’ आहे. पुण्याच्या गायकाने ‘माझा सा सी शार्प ३’ असे कळवले आणि संगीत-संयोजकाच्या प्रणालीत मोजणी वेगळी असली, तर तंबोरा एक सप्तक वर किंवा खाली तयार होऊन येतो. मंद्र, मध्य, तार हे गळ्यावरून ठरलेले शब्द असे चुकत नाहीत.

१४/
मग दोन क्रमांकांच्या मधला सूर? त्यासाठी मिडीत एक चाक आहे, त्याच्या १६,३८४ पायऱ्या. चाक नेहमीप्रमाणे दोन पडदे वर, दोन पडदे खाली एवढे फिरत असेल, तर एक पायरी सेंटच्या चाळिसाव्या भागाएवढी पडते. कोणत्याही श्रुतीला पुरून उरेल. अडचण निराळी. ते चाक एका वाहिनीवरचे सगळे सूर एकदम वाकवते. गंधार १४ सेंट उतरवलात तर त्याच वाहिनीवर वाजत असलेला सा-ही उतरला. शोधकांच्या मनात की-बोर्ड होता, आणि की-बोर्डवर गंधार उतरत नाही.

१९९२ मध्ये प्रत्येक क्रमांकाला वेगळी वारंवारता देण्याची सोय मानकात आली. फार थोड्या वाद्यांनी ती नीट राबवली. २०१८ आणि २०२० च्या नव्या तरतुदींनी प्रत्येक सुराला स्वतंत्रपणे वाकण्याची मुभा मिळाली. म्हणजे देवलांनी १९१० मध्ये जे मागितले होते, आणि भातखंड्यांनी जे आकड्यात मावत नाही म्हटले होते, ते दोन्ही आता तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. सेटिंग्जमधली मूळ ओळ मात्र तीच आहे.

१५/
यातला खरा धोका इतिहासाच्या अभ्यासकाला आहे, आणि हा धागा लिहिण्याचे कारणही तेच.

जुन्या तबकड्यांचे डिजिटल रूपांतर आता सहज मिळते. एखादा उत्साही तरुण अब्दुल करीम खाँसाहेबांचे मुद्रण घेतो, वारंवारता मोजणाऱ्या प्रणालीत घालतो, आणि पडद्यावर येते : अमुक पट्टी, अधिक ३० सेंट. तो लिहितो, ‘खाँसाहेबांचा सा अमुक हर्ट्झ होता.’

थांबा. भारतात ग्रामोफोन कंपनीचे मुद्रण १९०२ मध्ये सुरू झाले. त्या काळातल्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनीच फिरत असे मुळीच नाही. मुद्रणाच्या वेळी यंत्र कमीजास्त वेगाने चाले. आता हिशेब करा. ७३.६ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ ने वाजवली, तर सूर पूर्ण एका पडद्याने वर जातो. मिनिटाला साडेचार फेऱ्यांची चूक, आणि काळी एकची पांढरी दोन झाली. शिवाय गाणे द्रुत झाले ते वेगळेच. मग त्या काळचे गवई किती उंच आणि किती वेगाने गात याविषयी निबंध लिहिले जातात.

साथीच्या पेटीवरून वेग दुरुस्त करू म्हणाल, तर ती पेटी ४३५ ला जुळवलेली होती, ४३९ ला, की ४५२ ला? १९३९ पूर्वीच्या मुद्रणावर ४४० ची पट्टी लावणे म्हणजे शिवकालीन जमीन हेक्टरात मोजून ‘एवढाच सारा कसा?’ असे विचारणे.

अंतरे मात्र टिकतात. तबकडी वेगात फिरो की सावकाश, सारे सूर एकाच प्रमाणात सरकतात. सा आणि गंधार यांचे गुणोत्तर बदलत नाही. म्हणून जुन्या मुद्रणात खाँसाहेबांचा गंधार ५/४ च्या किती जवळ होता, हा प्रश्न विचारता येतो आणि त्याचे उत्तरही मिळू शकते. त्यांचा सा किती हर्ट्झ होता, हा प्रश्न त्या तबकडीला विचारण्यासारखा नाही.

१६/
मोजून पाहायचे असल्यास एवढे करा. प्रणालीत ‘ए ४’ समोरचा ४४० पुसा आणि त्या मुद्रणातला सा जिथे लागतो तिथे संदर्भ आणून ठेवा. बहुतेक प्रणालींना हे जमते. मग काटा सेंटमध्ये वाचा. शुद्ध गंधार ४०० च्या जवळ आला तर गायक पेटीबरोबर गेला, ३८६ च्या जवळ आला तर तंबोऱ्याबरोबर. आणि काटा ठरतच नसेल, सारखा हलत असेल, तर ॲप बिघडलेले नाही. आधी राग कोणता आहे ते पाहा.